सर्पदंश नव्हे, घटसर्प

प्रति,
मा. जिल्हा रोगनिर्मूलन पडताळणी अधिकारी,
भोपाळ

विषय : आनंद नगर प्रभाग डिप्थीरियामुक्त घोषित करण्यापूर्वी माझ्या आईच्या मृत्यूचे कारण दुरुस्त करून वसाहतीची तपासणी करण्याबाबत.

संदर्भ : प्रभागात या रोगाचा एकही रुग्ण नसल्याची आपली जाहीर सूचना.

महोदय,

डिप्थीरियाला मराठीत घटसर्प म्हणतात. अर्जाचे हिंदी भाषांतर सोबत आहे. पण सारा घोळ याच एका शब्दाने झाल्यामुळे मूळ अर्ज मराठीत ठेवला आहे.

१. माझी आई सुमन गेल्या आठवड्यात वारली. त्या सकाळी आमच्या डॉक्टर कमलिनी बोबडे यांनी तिच्या घशात राखाडी पडदा पाहिला आणि वडिलांना म्हणाल्या, "काका, घटसर्प दिसतोय. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या." आई वाटेतच गेली.

२. रुग्णालयाच्या खिडकीवर वडिलांनी तोच शब्द सांगितला. लिपिकाने विचारले, "साँप ने कहाँ काटा, बाबूजी?" वडिलांच्या कानी 'कहाँ' एवढेच पोचले असावे. त्यांनी गळ्याला बोट लावले. नोंद झाली : सर्पदंश, गळा.

३. दुरुस्तीसाठी गेले तेव्हा, "मॅडम, गले में काटे तो बचता कौन है," अशी माझी समजूत घालण्यात आली. लेखी तक्रार केल्यावर सर्पमित्र आले. त्यांनी बागेतली एक बिनविषारी धामण पकडून जंगलात सोडली. माझ्या तक्रारीवर शेरा आहे : 'कारण दूर केले. प्रकरण समाप्त.'

४. आईची नोंद दुरुस्त झाली, तर आपल्या सूचनेतला शून्य शून्य राहत नाही. म्हणूनच ती होत नसावी, असे मी म्हणत नाही.

५. वडील व मी डॉक्टर बोबडे यांची औषधे घेत आहोत. वसाहतीतल्या मुलांना मात्र कोणी तपासलेले नाही. मी दारोदार सांगितले. "साप तर नेला ना, ताई," असे उत्तर मिळाले. साप गेला म्हणून मुले पुन्हा खाली एकत्र खेळू लागली आहेत.

तरी सोमवारची घोषणा थांबवावी आणि डॉक्टर आजच पाठवावेत, ही विनंती. वरच्या मजल्यावरची पाच वर्षांची शमिका रोज माझ्या आईच्या मांडीवर बसून जेवत असे. दोन दिवस तिचा घसा दुखतो आहे. हे लिहिताना मुलांच्या हाका खिडकीतून येत आहेत. सगळ्या तिच्याच नावाच्या आहेत. तिची ओ ऐकू येत नाही.

आपल्या डॉक्टरांची वाट पाहणारी,
(सही)
मृणाल वसंत पांढरीपांडे
आनंद नगर, भोपाळ
दि. ७ फेब्रुवारी २०२५

सोबत : हिंदी भाषांतर, डॉ. बोबडे यांचे निवेदन. मराठी शब्दकोशातील 'घ'चे पान.