कुत्र्यासाठी आणलेली हाडं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, काम रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणे, आता बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वभाव बरा असल्याचाही दाखला मिळेल का, असं विचारलं होतं. ते म्हणाले, तसा छापील नमुना आमच्याकडे नाही. मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला कोणीतरी घरी यावं लागतं.

वकिलांनी हे सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. मधेच कोणी उठून गेल्यास थांबावं, आणि तो परत आला की पहिल्यापासून सुरू करावं.

कलम १. दोन खोल्या आणि हे स्वयंपाकघर माझ्या कमाईचं आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझे दिवंगत यजमान मोजणी खात्यात होते. पगाराच्या दिवशी ते आधी बहिणीच्या घरी जात आणि मग उरलंसुरलं घेऊन आमच्या. संध्याकाळचं जेवण कशातून उभं राहतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. ते मान खाली घालून जेवत, आणि मान खाली घालूनच गेले. त्यांचा भिंतीवरचा फोटो त्यांच्या बहिणीला द्यावा. मूळ माणूसही बराचसा तिकडेच असे.

कलम २. हे कलम मालमत्तेचं नाही, पण याशिवाय पुढची समजणार नाहीत. महिन्याचे शेवटचे दहा दिवस आमच्या घरी रस्सा होई, आणि तो सगळ्यांना आवडे. त्याची हाडं मी कोपऱ्यावरच्या खाटकाकडून फुकट आणत असे. पहिल्यांदा मागताना जीभ अडखळली आणि तोंडातून निघून गेलं, "कुत्र्यासाठी हवी होती." आमच्याकडे कुत्रा नव्हता. कधीच नव्हता.

त्यानंतर सतरा वर्षं खाटीक विचारत राहिला, "काय ताई, कुत्रा कसा आहे?" आणि मी सांगत राहिले, "बरा आहे."

एकदा सोबत मुलगी होती, वय वर्षे नऊ. त्याने तिला विचारलं, "नाव काय गं तुमच्या कुत्र्याचं?" मी उगाच पिशवीत सुटे पैसे शोधू लागले. मुलगी शांतपणे म्हणाली, "नाव नाही ठेवलं. हाक मारावीच लागत नाही, वासावर येतो." त्या रात्री तिने दोनदा रस्सा मागून घेतला.

दहाव्या वर्षी त्याने कुत्र्यासाठी चामड्याचा पट्टा भेट दिला. बाराव्या वर्षी म्हणाला, "आता म्हातारा झाला असेल हो. दात राहिले नसतील. थोडं मऊ घालतो." घरी येऊन पुडकं उघडलं, तर हाडांखाली पाव किलो स्वच्छ मांस. तेव्हा कळलं, की याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. इतक्या हळू आवाजात माझा अपमान दुसऱ्या कोणी केलेला नाही. मांस मी शिजवलं. उत्तम झालं होतं.

कलम ३. तो पट्टा नणंदबाईंना द्यावा. त्या दर रविवारी जेवायला येत, तीनदा वाढून घेत, आणि हात धुताना म्हणत, "वहिनी, हाताला चव आहे तुमच्या, पण हात आखडता." निघताना ताटांतली हाडं गोळा करून आपल्या कुत्र्यासाठी नेत. त्यांचा कुत्रा खरा होता. एका रविवारी तक्रार घेऊन आल्या: "तुमची हाडं तो हुंगतो आणि सोडून देतो. काही उरलेलंच नसतं त्यांत!" त्या घरात अन्नाची पारख असलेला तो एकटाच. त्याच्या आठवणीखातर पट्टा त्यांनी जपावा. त्यांच्या मापाचा आहे.

कलम ४. माझा मुलगा. शहराच्या महागड्या भागात त्याचं हॉटेल आहे, आणि तिथे 'आईचा रस्सा' नावाचा पदार्थ मिळतो. मेनूकार्डावर त्याखाली चार ओळी आहेत: माझी आई पहाटे उठून स्वतः निवडून कोवळं मांस आणत असे, वगैरे. पहाटे मी चादरींना इस्त्री करत असे.

उद्घाटनाला मला बोलावलं होतं. दारातच म्हणाला, "आई, तू काही बोलू नकोस हं. नुसती हस." साबणदाणीएवढ्या वाटीतून रस्सा आला. मी एक घोट घेतला आणि म्हणाले, "हे काय आहे?" शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. तो त्यांच्याकडे बघून हसला, "वय झालं. आईला आता चव कळत नाही."

तेव्हापासून तो फोन करतो तो एकाच कामासाठी: "आई, त्यात तू नक्की काय घालायचीस? आचाऱ्याला जमतच नाही." तर घे. हाडं कोरड्या तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायची. कांदा सालीसकट टाकायचा, रंग सालीचा येतो. ठेचलेला लसूण, मिरी, पाणी, मंद आच; कामाला जाताना ठेवायचं, आल्यावर उतरवायचं. मीठ शेवटी. शिळा पाव तुकडे करून ताटात आधी, रस्सा वरून, म्हणजे पोट भरतं आणि भरल्याचं कळतं. दुसऱ्या दिवशी त्यातच गाजर आणि मूठभर तांदूळ. तिसऱ्या दिवशी वर साकळलेल्या चरबीत बटाटे परतायचे. आचाऱ्याला जमत नाही, कारण तू त्याला मांस आणून देतोस.

कलम ५. मुलाने गेल्या महिन्यात, मी रुग्णालयात असताना, या घराची मापं घेऊन नेली. शेजारणीने पाहिलं. हॉटेलसाठी कर्ज काढायला घर तारण ठेवायचं आहे, हे मला त्याच्याकडून नाही, वकिलांकडून कळलं. त्याला घर हवं आहे. ठीक आहे. घर त्याचं, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत त्याने मेनूकार्डावरच्या त्या चार ओळी काढाव्यात आणि त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावं: 'हा रस्सा कुत्र्यासाठी मागून आणलेल्या हाडांचा आहे. मी तो सतरा वर्षं खाल्ला आणि वाढलो.' वकिलांनी ग्राहक म्हणून जाऊन कार्ड पाहावं. बिल मुलाने भरावं.

तीस दिवसांत न छापल्यास घर मुलीचं.

तो छापणार नाही. नऊ महिने पोटात वागवला आहे, मला माहीत आहे.

कलम ६. मुलगी. हिला मी कधी तोंडावर चांगलं म्हटलं नाही आणि आता कागदावर सुरुवात करणार नाही. नळीचं हाड नेहमी मुलाला गेलं, कारण तो रडत असे. तिला पाव, कारण ती रडत नसे. इतक्या सोप्या नियमाने मी दोन मुलं वाढवली आणि त्याचा परिणाम समोर बसलेला आहे. तिलाही तीस दिवस वाट पाहावी लागेल. तिला सवय आहे. मात्र मोठं भांडं आणि तवा आजच, अट न घालता, तिचे. भांड्याचं बूड जरा वाकडं आहे. गॅसवर डावीकडे सरकवून ठेवावं.

कलम ७. खाटकाला काहीही देऊ नये. वकिलांनी सांगितलं, की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणूनच त्याला साक्षीदार केलं आहे. सतरा वर्षं त्याने मला 'नको' म्हणायची सोय ठेवली नाही. आता त्याची पाळी.

हे सर्व मी लिहिलं, वाचलं, आणि एकही शब्द मऊ करण्यासारखा वाटला नाही.

स्थळ: स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: महिन्याची सव्वीस तारीख, म्हणजे रश्श्याचे दिवस.
सही: इस्त्रीवाली.

साक्षीदार पहिली: शेजारीण, निवृत्त परिचारिका. माझ्यासमक्ष सही केली. अंग थकलं होतं, डोकं नाही.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा खाटीक. त्याच्याबद्दल मीच, इस्त्रीवाली, लिहिते: येताना पुडकं घेऊन आला होता. सही करण्याआधी त्याने नेहमीसारखं विचारलं, "काय ताई, कुत्रा कसा आहे?"

मी म्हटलं, "आता खात नाही."

त्याने पुडकं टेबलावर ठेवलं, हात पँटला पुसले आणि सही केली.