काचेच्या पट्टीवरची तारीख

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा (वय एकोणसत्तर, तरी धाकटीच) नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनी सांगत होत्या की तू डॉक्टरांनाच व्यायाम शिकवून आलास, म्हणजे प्रकृती ठीक आहे असं धरून चालते. माझीही उत्तम आहे, डोकं तेवढं तापलंय. का, ते सविस्तर सांगते. चहा घेऊन बस.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी आठवड्यातून दोन तास 'अभियंत्याची नीती आणि सामाजिक जबाबदारी' शिकवते, हे तुला ठाऊक आहे. (मी पस्तीस वर्षं शाळेत मॉरल सायन्स शिकवलं म्हणून प्राचार्यांनी बोलावलं, असं ते म्हणतात. खरं म्हणजे विषय सक्तीचा होता आणि मोकळी अशी मीच सापडले.) पहिल्या तासाला मी विचारलं, खोटं का बोलू नये? सगळ्या वर्गाने प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि पुढच्या ओळीसाठी पेनं सरसावली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, हे किती मार्कांना आहे?"

त्याच दिवशी मी पुस्तक मिटलं. प्रत्येकाने कुणाला इजा होईल असं एक बांधकाम शोधायचं, मोजमाप घ्यायचं आणि जबाबदार माणसाला सही करून पत्र लिहायचं, असं काम दिलं. दादा, मुलं अशी पेटली की विचारू नकोस. एका गटाने कॉलेजच्या जिन्याचा कठडा हलवून पाहिला (आता तिथे कठडा नाही). दुसऱ्याने प्राचार्यांना त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याच्या हुकाबद्दल लिहिलं. तेव्हापासून ते दाराजवळ बसून कारभार करतात. मला म्हणाले, "बाई, तुम्ही आपले धडे शिकवा ना." मी म्हटलं, "धडाच चाललाय, सर." आठवडाभर मी स्वतःवर इतकी खूश होते की आरशात बघून मान डोलवायची.

मग मला पत्र आलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी आहे, आवाज इतका बारीक की तिची हजेरी दोनदा घ्यावी लागते. ती माझ्या घराखाली बसणाऱ्या शिंप्याकडे कपडे टाकायला आली आणि तिने मान वर केली. वर माझी गॅलरी, खिडक्या लावून जिची आपण खोली केली तीच. लिहिते, "गॅलरीच्या मुळाशी तडा आहे. आत लोखंडी कपाट दिसते. खाली शिंपी दिवसभर बसतो. कपाट हलवावे व तपासणी होईपर्यंत शिंप्यास अन्यत्र बसवावे." त्या कपाटात काय आहे? माझ्या पस्तीस वर्षांच्या मॉरल सायन्सच्या वह्या. एवढी नीती माझ्या गॅलरीला पेलत नाही, असं ही मला कळवते. (कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हाला पहिलं काय शिकवलं असेल, तर दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये.)

वर ती घरी आली आणि आतल्या भिंतीवरच्या तड्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवून गेली. तडा वाढला की काच फुटते म्हणे. (तू जन्मभर इंजिनिअर, तुला हे माहीत असणारच, पण मला तिने ऐकवलं, तेव्हा तूही ऐक.) पट्टीवर पेनाने तारीख घातली. शिंपी खालून ओरडला, "राहू द्या हो बाई, मला सावली आहे." निदान एकाला तरी कृतज्ञता आहे.

कालपरवापर्यंत ज्यांना पेन धरता येत नव्हतं, त्यांनी मला जबाबदारी शिकवावी, हे काही मला झेपत नाही. बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी बहीण

ता. क. त्या खोलीचा नकाशा तूच काढला होतास. तुझ्या जुन्या लेटरहेडवर दोन ओळी पाठव की गॅलरी तू तपासलीस आणि ती भक्कम आहे. तारीख मागच्या वर्षीची घाल. वेताच्या खुर्चीपेक्षा जड काही ठेवू नकोस, असं तू तेव्हा बजावलं होतंस, ते लिहायची गरज नाही.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. काच मंगळवारी फुटली. मी फ्रेमवाल्याकडून तसलीच पट्टी आणून लावली आणि तिच्यावर जुनीच तारीख घातली. शुक्रवारी मुलगी बघायला आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, अक्षर फार सुंदर आहे," आणि गेली. (सिस्टरनी तीन वर्षं कित्ता गिरवून घेतला, तो हा असा अंगाशी आला.)

ता. क. ३. पत्र टाकायला निघाले तर दुसरी पट्टीही फुटलेली. लेटरहेड राहू दे. शिंप्याला मशीनसकट माझ्या पुढच्या खोलीत आणून बसवलंय. मला सोफा उरलेला नाही आणि माझ्या ब्लाउजच्या बाह्या कुणी बिघडवल्या, असं तो सारखा विचारतो. गॅलरीत मांजरासारखी पावलं टाकत वह्या एकेक गठ्ठ्याने बाहेर काढल्या, त्या जेवणाच्या टेबलावर आहेत. तू नकाशा घेऊन पुढच्या सोमवारच्या आत ये. सोमवारी वर्गात उभं राहून मला सांगायचंय की पट्टी कुणी बदलली. तू मागच्या बाकावर बस. हे किती मार्कांना आहे असं कुणी विचारलं, तर उत्तर तू दे.