लाल मेंढ्या, कोऱ्या मेंढ्या

१६ मार्च १९३९, गुरुवार. कळमनुरी

खात्याच्या साहेबांचं पत्र आलं एकदाचं. चार महिने कागद नुसता फिरत होता. उर्दू मला येते, पण कारकुनाचं हे मोडकं अक्षर लागत नाही. शेवटी माझ्या जनावरांच्या दवाखान्यातल्या करीमभाईंनी वाचून दाखवलं. मंजुरी आहे, पण अट घालून. दहा मेंढ्यांना रोज बाभळीच्या शेंगा, दहा नुसत्या चराईवर. जूनमध्ये फरक दिसला तरच डोंगरकडा गावाला शेंगांचं कोठार. नाही दिसला तर विषय बंद.

कोठार झालं तर तिथल्या धनगरांना उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन गोदाकाठी भटकावं लागणार नाही, बाभळीच्या फांद्याही तोडाव्या लागणार नाहीत. तीन वर्षं हेच सांगतोय. ऐकतो कोण!

सटवाजी धनगर तयार झाला. गेल्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर त्याची निम्मी मेंढरं गेली. उरल्या वीस. त्याचा भाऊ मारोती परवाच कळप घेऊन गोदेकडे निघाला. सटवाजी माझ्या शब्दावर मागे राहिलाय. ही गोष्ट मनातून जात नाही.

१८ मार्च, शनिवार

डोंगरकडा. सायकल वाटेत पंक्चर, दोन कोस ढकलत. बाभळीच्या फांदीला तराजू टांगला. मेंढ्या तोलायच्या म्हटल्यावर सटवाजीची बायको केराबाई आडवी आली. जितं जनावर तोललं की नजर लागते म्हणे. तास गेला. शेवटी प्रत्येकीच्या कानामागे काजळाचं बोट लावलं, मग गोणपाटाच्या झोळीत घालू दिलं.

दहा मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा. त्या 'लाल'. बाकी 'कोऱ्या'. शेंगा केराबाई वेचणार, मी दिलेल्या मापाने रोज दुपारी लालना घालणार. कोऱ्यांना एक शेंग नाही. तीनदा बजावलं. तिने विचारलं, "अन् ह्यांना काहून न्हाई?" म्हटलं, प्रयोग आहे. सटवाजी मान हलवत होता. समजलं असावं.

३० मार्च, गुरुवार

पहिलं वजन. लाल जिथल्या तिथे. लेंड्या फोडून पाहिल्या तर शेंगांचं बी अख्खंच्या अख्खं बाहेर. चावलंच जात नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. डोक्यात काय भरलं होतं माझ्या! आता शेंगा उखळात कुटून द्यायच्या. केराबाईचं काम वाढलं.

१३ एप्रिल, गुरुवार

लाल थोड्या भरल्या. पण कोऱ्याही तितक्याच! रानात गवताची काडी नाही, माती नुसती भाजून निघतेय, आणि या कोऱ्या कशावर भरतायत? वारा खाऊन?

तराजूवर संशय. करीमभाईंनी ज्वारीचं पोतं टांगून तीनदा पाहिलं. म्हणाले, "साब, तराजू बराबर है. गडबड कहीं और है." कुठे आहे ते सांगा की मग! तेवढं सांगत नाहीत, विडी ओढत बसतात.

१४ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्याला जुम्म्याची सुट्टी. तरी डोंगरकड्याला गेलो. कोऱ्या आपण होऊन बाभळीखाली शेंगा खात असणार, म्हणून काट्यांचं कुंपण घालून घेतलं. सटवाजीचे हात ओरबाडले, माझेही. पाणी प्यायला दिलं त्याने.

२७ एप्रिल, गुरुवार

पुन्हा तेच! लाल आणि कोऱ्या सारख्या. लालना जितकं खायला घातलंय त्या मानाने त्या कमीच भरल्यात. म्हणजे शेंगा मध्येच कुठेतरी जातायत.

तोल गेला माझा. सगळ्यांसमोर सटवाजीला म्हणालो, "शेंगा चोरून बाजारात घालतोस काय रे?" तो खाली वाकून झोळीची दोरी सोडायला लागला. परतीच्या वाटेवर करीमभाई मला मागे टाकून पुढे निघून गेले.

२ मे, मंगळवार

न कळवता गेलो. भर दुपारची वेळ. बाभळीच्या आड सायकल ठेवून पाहत उभा राहिलो, चोर धरायला.

केराबाई उखळ आवरून उठली. टोपलीतलं कुटलेलं तिने दोन टोपल्यांत केलं, निम्मं-निम्मं. एक लालपुढे. दुसरी कुंपणाची काटी बाजूला करून कोऱ्यांपुढे. मग काटी जागच्या जागी, नीट.

मी पुढे झालो. ती दचकली नाही. पदर सावरला आणि म्हणाली, "साब, पंगतीला बसवून एकीला वाढायचं अन् दुसरीला तोंड बघत ठिवायचं, असं आमच्यात करत न्हाईत. जनावर झालं म्हून काय झालं?"

सटवाजीला पहिल्या दिवसापासून माहीत. मी चोर म्हणालो तेव्हाही तो बोलला नाही, कारण बोलला असता तर बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं.

दीड महिना. दीड महिना मातीत गेला!

ओरडलो खूप. कोठार, साहेब, अट, सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी टोपली माझ्या हातात देऊन म्हणाली, "तर मंग तुमी वाढा. आमच्यानं व्हत न्हाई." वाढतो म्हटलं. कामाला घेतलेल्या माणसापुढे हट्टाला पेटलो.

३ मे, बुधवार

रात्री चावडीवर मुक्काम केला होता. दुपारी टोपली घेऊन मी. लालपुढे ओतलं. कुंपणापलीकडून कोऱ्या ओरडायला लागल्या, दहाच्या दहा. काट्यांत तोंडं घालून. एक लंगडी आहे त्यांच्यात, तिच्या नाकातून रक्त आलं काट्याने.

मी पाठ करून उभा राहिलो. घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं झाली असतील.

मग लंगडीला एक मूठ दिली. एकच मूठ. इथे लिहून ठेवतो, दुसरं कुठे लिहिणार.

केराबाई झोपडीच्या दारात बसून सगळं बघत होती. हसली नाही. जेवायला बोलावलं. दोन भाकऱ्या होत्या आणि माणसं चार, सकाळी येऊन पोचलेले करीमभाई धरून. तिने मोडून चार सारखे वाटे केले. खाली मान घालून जेवलो. सटवाजीची माफी मागायची होती. घास तोंडात असताना कुठे बोलणार, आणि जेवण झाल्यावर तो मेंढ्यांकडे निघून गेला.

१६ मे, मंगळवार

साहेबांना लिहिलं, खरं ते. शेंगा दोन्ही गटांना मिळाल्या, अनवधानाने. मात्र निम्म्या खुराकावर वीसच्या वीस मेंढ्या ऐन उन्हाळ्यात तगल्यात, एकही मेली नाही, आणि एक बाभूळही तोडलेली नाही. हा निकाल नाही तर काय?

कोणाचं अनवधान, ते लिहिलं नाही.

वाढणं पुन्हा केराबाईकडे दिलं. दोन टोपल्या. आता लपवत नाही ती.

२९ मे, सोमवार

उत्तर आलं. तीन ओळींचं. "तुलनेस उपाशी गट नसेल तर प्रयोग झाला असे धरता येत नाही. ८ जून रोजी समक्ष पाहणी करू. दोन्ही गट वेगळे दाखवावेत."

उपाशी गट. बरं साहेब. तुम्ही या आणि वाढून बघा एकदा.

५ जून, सोमवार

मारोती गोदेकडून परतला. चाळीस घेऊन गेला होता, पंचवीसच्या आतच परत आणल्या. उरलेल्यांच्या फासळ्या लांबून मोजता येतात. मला एकदम सुचलं, अरे, हाच की उपाशी गट! सटवाजीच्या एका बाजूला, मारोतीच्या दुसऱ्या बाजूला, टांगा तराजू. धावत गेलो तसा.

मारोती ऐकेना. वाटेत इतक्या गेल्या, आता उरलेल्या तोलून नजर लावू काय, म्हणाला. केराबाई काजळाची डबी घेऊन गेली त्याच्याकडे. तरी नाही. त्याला काय दोष द्यायचा? आणि तोलल्या असत्या तरी साहेब म्हणाले असते, सुरुवातीचं वजन कुठेय.

डोकं फुटायची वेळ आलीय.

६ जून, मंगळवार

साहेब परवा येणार. मेंढ्या पाहायला गेलो तर गेरूचे पट्टे जवळजवळ पुसले गेलेत. कुंपणही केव्हाच मोडलं, सगळ्या एकत्र बसतात. वहीत नंबर आहेत, पण मेंढीच्या अंगावर नाहीत. मला स्वतःला आता लाल कोणती, कोरी कोणती सांगता येईना. लंगडी तेवढी ओळखू येते.

सटवाजी वाडग्यात गेरू कालवून उभा होता. एप्रिलपासून पहिल्यांदा आपण होऊन बोलला. "साब, जाडजूड दहा निवडतो अन् त्यांना लावतो. बारक्या तशाच ठिवतो. साहेबाला फरक दिसंल. कोठार व्हईल."

मी म्हणालो, "मी तुला चोर म्हणालो होतो."

"व्हय," तो म्हणाला. "म्हून तर इचारून राहिलो. तुमीच सांगा, कोनत्या?"

दहा धष्टपुष्ट निघतील, एवढा फरक वीसात असतोच. साहेब दहा मिनिटं थांबतील, सही करतील. मारोतीची पुढच्या वर्षीची मेंढरं वाचतील. आणि शेंगांनी मेंढ्या जगतात हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. खोटा फक्त पट्टा.

केराबाई टोपल्या घेऊन आली. दोन्ही. लंगडी तिच्या पायात घोटाळत होती. ती म्हणाली, गेरू लावायचा तर आत्ता लावा, खाऊन झाल्यावर त्या बसतात, मग उठवायचं न्हाई.

उद्या सकाळी सांगतो म्हटलं. सटवाजीने वाडगं झोपडीच्या सावलीला ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं, सुकू नये म्हणून. घरी टेबलावर आता दोन रपोट लिहून ठेवलेत, एक पट्ट्याचा, एक खरा. सही एकावरही केलेली नाही.