कुंपणाच्या तारेवर सूर्य

४ डिसें.
टेंभुर्णीला ताईच्या घरी येऊन महिना झाला असंल. जालन्याच्या मिलमधून पळून आल्तो. त्याच्या आधी टेम्पोवर क्लीनर, त्याच्या आधी... जाऊ दे. दाजींनी एकच काम दिलंय. झटका मशीन चालू ठेवायची, कुंपणाच्या तारंत करंट राहिला पाहिजे, हरभऱ्यात रोह्यांचे, म्हंजे नीलगायींचे, कळप घुसू द्यायचे न्हाईत. "एवढं जमलं तर राहा. न्हाई तर परत मिल." ताई खाली बघत होती.

५ डिसें.
शाळेतले वाघमारे सर बांधावर भेटले. बोलणं कुठून कुठं गेलं. सूर्यातून उजेड निघतो तशा रेडिओच्या लाटा पण निघतात म्हणे, डोळ्याला कळत न्हाईत. रेडिओ दुर्बिणीला भिंग नसतंच. मोठी छत्री लाटा गोळा करती, यंत्र त्या वाढवतं, मंग कागदावर वरखाली रेघ उमटती. दिवसा चालती, ढगात पण. एक छत्री पुरंना तर लांब लांब बऱ्याच उभ्या करून मिळून एक करतात. "सूर्य भडकला की साध्या तारेवर पण ऐकू येतो, अन्या."
ह्या नादात मोटर बंद करायची राहिली. वाफ्यात तळं.

८ डिसें.
दाजींचा जुना शॉर्टवेव्ह रेडिओ, वर काठीला तार. टक. टक. टक. सेकंदाला एक, बिलकुल बराबर. काही तारे असे ठोके देतात, सरच म्हणाले होते. पळत गेलो. सर हसले न्हाईत, तेच जास्त लागलं. "ती तुझी झटका मशीन हाय रे. ताऱ्याचे ठोके लई बारीक. मोठ्या दुर्बिणीजवळ मोबाईलसुद्धा चालू देत न्हाईत."

१० डिसें.
मशीन बंद केल्याबिगर सूर्य ऐकू यायचा न्हाई. आन रानाभोवती फिरलेली एवढी लांब तार दुसरीकडं कुठं मिळणार? न्हाई. नको.

११ डिसें.
दुपारी मशीन बंद करून कुंपणापासून सोडवली. रेडिओची तार कुंपणाला. ठोके गेले, नुसती खरखर. बराच वेळ. मंग ती फुगली, उभ्या ज्वारीतून वारा यावा तशी, आन बसली. परत फुगली. मोबाईलवर रेकॉर्ड केलं. सरांकडं पळालो, ते गावाला गेल्ते. तिथंच पोरं क्रिकेट खेळत होते, मी पण खेळत बसलो. मशीन परत जोडायची राहिली, हे आत्ता लिहिताना—

१२ डिसें.
मी पळत जाईस्तोवर कळप घुसला होता. विहिरीकडचा हरभरा खुडला, बाकी तुडवला. दाजींनी शिवी पण दिली न्हाई. ताईला म्हणाले, "तुझा भाऊ म्हणून ठिवला होता."

१४ डिसें.
सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. सूर्य असंल, कुणाची मोटर पण असंल. एका जागेवरून सांगता येत न्हाई. त्याच वेळी लांबच्या गावात कुणाला हेच ऐकू आलं असंल तर खरं. विचारतो म्हणाले.
ताई भाकरी थापत होती. "आलं का तरी काही ऐकू?" लावून दिलं. हात पिठात तसेच. "हेच्यासाठी?" मंग म्हणाली, "परत लाव."
जेवताना दाजी एवढंच बोलले, "सकाळी कपडे भरून तयार राहा." कुठं ते सांगितलं न्हाई. परत मिलच असंल. ताई वाढत होती, थांबली.