काचेच्या खोलीच्या जागी

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरली असशील, म्हणून आधी सांगतो, आई बरी आहे. वॉकर धरून हॉलच्या खिडकीपर्यंत जाते, आणि तुझ्या वहिनीने भाजी चिरली की तुकडे लहानमोठे झालेत हे पाहिल्याशिवाय राहत नाही. म्हणजे गाडी रुळावर आहे. आपण रोज फोनवर बोलतो, तरी हे पत्र लिहितोय, कारण जे सांगायचं आहे ते मी फोनवर दोनदा सांगायला गेलो. दोन्ही वेळा तू 'बोल ना दादा' म्हणालीस आणि मी हवेबद्दल बोललो. हवा सांगून झाल्यावर तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. कागदावर निदान मला पळून जायला जागा नाही.

गोष्ट मागच्या काचेच्या खोलीची आहे. दोन वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा तू, मी आणि तुझी वहिनी, तिघांनी तिथेच बसून ठरवलं होतं. आईची खोली वर, बाथरूम खाली, मध्ये चौदा पायऱ्या. काचेची खोली उन्हाळ्यात भट्टी होते, थंडीत तिथे पाय ठेववत नाही, आणि छताच्या सांध्यातून पाणी गळतं म्हणून तीन बादल्या कायमच्या तिथे. ती पाडायची आणि त्या जागी आईसाठी पक्की खोली बांधायची, लागून छोटं बाथरूम. मी नको म्हणत असताना तू अर्धा खर्च पाठवलास. मिस्त्रीही तूच शोधलास, तुझ्या दिरांच्या घराचं काम त्याने केलं होतं म्हणून. आणि नकाशाची तर काळजीच नव्हती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढणारा भाऊ घरात होता.

मिस्त्री पहिल्यांदा आला तो दिवस मला नीट आठवतो. मी टेबलावर नकाशा पसरून बसलो होतो. त्याने तो बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आधी ज्यांची खोली आहे त्यांना बघू द्या." आईला त्याने खुर्चीवर बसवलं, उठायला सांगितलं, परत बसवलं, परत उठवलं. उठताना तिचा हात आधाराला कुठे जातो ते बघून त्याने भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि जमिनीपासून टेप लावला. मी आजवर हजारभर बाथरूम काढली असतील. धरायच्या दांडीची उंची मी पुस्तकातून घेतो. आठवड्याने त्याने अंदाजपत्रक आणलं, त्यात पाया, विटा, स्लॅब, सांडपाण्याची लाइन, फरशी, खिडक्या, अडीअडचणीला दहा टक्के, सगळं होतं. एका ओळीत लिहिलं होतं, 'आजींची दांडी', आणि पुढे आकडा नव्हता. ती मी माझ्याकडची लावतो म्हणाला.

आगाऊ रक्कम त्याने मागितली नाही, ठमे. पाया खणून झाल्यावर द्या म्हणाला. हे वाक्य तू परत वाच, पुढे त्याची गरज पडेल.

सुरुवातीची ढकलाढकल खरी होती. सांडपाण्याची जुनी लाइन नेमकी पायाखालून जात होती, ती वळवायची तर खर्च वाढत होता. परवानगीला दीड महिना लागला. पण परवानगी आली, आणि मी ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मग मला खिडकी पूर्वेला हवीशी वाटली. मग स्लॅब नको, उतरतं छप्पर बरं, असं वाटलं. मग दरवाजा आतून की बाहेरून. दर वेळी मी नवा नकाशा काढायचो, मिस्त्री येऊन नवा हिशोब मांडायचा, एकदाही कुरकुरला नाही. सातवा नकाशा झाला तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, "आता आईंना कागदावरच राहायला पाठवा, तिथे सगळ्या सोयी झाल्यात." मी हसलो. तू विचारायचीस तेव्हा सांगायचो की मिस्त्री दुसऱ्या कामात अडकलाय.

खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड नाही. त्या खोलीत उतरायला दोन पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही, म्हणून आई तिथे येत नसे. आख्ख्या घरात तेवढीच एक जागा होती जिथे तिची हाक यायची, पण ती यायची नाही. ऑफिसातून आलो की मी बादल्यांच्या मध्ये खुर्ची टाकून अर्धा तास बसायचो. काही करायचो नाही. अकरा वर्षं आई आमच्याकडे आहे. तिचं करण्याबद्दल मला तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो, आणि लोक मला चांगला मुलगा म्हणत आले. पण त्या अर्ध्या तासावर मी जगायचो. शिवाय याच्याही खाली एक गोष्ट होती. तुमचं नवं घर तळमजल्यावर झालं तेव्हा तू एकदा सहज म्हणालीस की आईला इथे किती सोपं पडलं असतं. ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. आमच्याकडे खोली झाली की आई कायमची आमची. नाही झाली, जिना तिला झेपेनासा झाला, तर एक दिवस तूच म्हणशील, दादा, पाठव तिला माझ्याकडे. मी तुला विचारलं नाही. मी वाट बघत बसलो.

सातव्या नकाशानंतर तीन आठवड्यांनी आई जिन्यात पडली. खालून पाचवी पायरी. सकाळची साडेसहाची वेळ, मी दाढी करत होतो. ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त मला हाक मारली, लहानपणी मारायची तशी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते सगळं तुला माहीत आहे. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये असताना तू फोन केलास, रडत होतीस, आणि विचारलंस, "खोलीचं काय झालं दादा? दोन वर्षं काय करत होतात?" आणि मी म्हणालो, मिस्त्री आगाऊ पैसे घेऊन गायब झाला. विचार करून नाही बोललो. जिभेवर तयारच होतं जणू. तुझे पैसे बँकेत जसेच्या तसे आहेत. मिस्त्रीला मी एक पैसाही दिलेला नाही.

मला वाटलं विषय तिथेच संपेल. तू त्याला फोन करून वाटेल ते बोललीस, हे मला नंतर कळलं. तुझ्या दिरांना सांगितलंस, आणि त्यांनी त्याला दिलेलं दुसऱ्या, दुमजली घराचं काम काढून घेतलं, हे तू मला मोठ्या समाधानाने सांगितलंस. मी म्हणालो, बरं झालं. ठमे, 'बरं झालं' म्हणालो मी.

आईला हॉस्पिटलमधून आणून हॉलमध्ये ठेवलं. गेल्या महिन्यात एका दुपारी तुझी वहिनी बाहेर गेली होती. मी आईच्या पायाला मलम लावत होतो. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला तिच्याकडे पाठवायचं होतं तर तसं सांगायचं होतंस. मी गेले असते. पायऱ्या कशाला मोजायला लावल्यास?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही तरी बोललो असतो. तिला कधीपासून कळलं होतं ते मी विचारलं नाही. ट्यूबचं झाकण लावायला मला फार वेळ लागला. मग ती म्हणाली, "त्या मिस्त्रीचं नाव कशाला खराब केलंस? त्याने माझा हात बघून माप घेतलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. एका दुकानाच्या मागच्या भिंतीला गिलावा करत होता, एकटाच. पूर्वी त्याच्या हाताखाली चार माणसं असायची. मला बघून त्याने थापी खाली ठेवली, हात धुतले आणि पहिलं काय विचारलं, तर "आजी चालतात का?" मी तिथे उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मी विचारलं, तू ताईंना फोनवर खरं का नाही सांगितलंस? म्हणाला, "त्या रडत होत्या साहेब. आणि म्हटलं, घरातलं आहे, माझ्या तोंडून कशाला." मी झालेलं नुकसान भरून देतो म्हणालो, तर मान हलवली. खोलीचं काम पहिल्याच नकाशाप्रमाणे, पहिल्याच दराने करीन म्हणाला. मग थापी उचलून म्हणाला, "पण ताईंचा फोन आल्यावर. त्या मला चोर समजत असताना मी त्यांच्या आईची भिंत बांधणार नाही."

त्याला नऊ दिवस झाले. काचेची खोली मी रिकामी केली आहे. विटा येऊन पडल्यात, परवानगीची मुदत अजून चार महिने आहे. आईला मी विचारलं, यावेळी सरळ विचारलं, तुला ठमीकडे जायचंय की इथे राहायचंय? ती म्हणाली, खोली झालेली बघून सांगते. तिला हवं ते होईल. तू मला काय म्हणशील ते म्हण, मी ऐकून घेईन, हवेबद्दल बोलणार नाही. तुझ्या दिरांशी मीच बोलेन, तेही माझंच काम आहे. पण मिस्त्रीचा नंबर तुझ्याकडे आहेच. तो सकाळी आठच्या आधी घरी असतो. पत्र वाचून झालं की आधी त्याला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल.

तुझाच, जसा आहे तसा,
दादा