बनाबाई पात्र, रंगुबाई अपात्र

नदीकाठची वस्ती, नगर
८ मार्च २०२५

चि. यशोधरा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. जावईबापूंना जयभीम, निकिताला पापा.

तू फोन केल्तास, पर मला निस्ता आवाज येतो, शब्द कळत न्हाई. म्हनून लिहिते.

नदीकाठ सुधारायचा ठरलाय. बाग व्हनार, चालायला फरशीचा रस्ता व्हनार, म्हनून आपली आळी उठनार. आपल्याला गावाबाहेर नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर खोली अन् सैपाकघर मिळालं. संडास घरातच हाय. तुझे बाबा असते तर लई खूश झाले असते.

पर आपल्या शेजारच्या रंगूला काईच न्हाई. ज्याच्या नावावर झोपडं त्याला घर, अन् ती भाडेकरू, म्हनून अपात्र. तिच्या झोपड्याचा मालक सोनईला राहतो, घर त्याला मिळालं. मी योजनेच्या साहेबाला म्हनलं, मी दवाखान्यात झाडायला जायची तवा माझी पोर हिनं वाढवली, ही माझ्या आधीपासून हितं राहती. मानूस चांगला हुता. आमाला पानी दिलं अन् म्हनला, आजी, नियमात बसत न्हाई. रंगू बाहेर आल्यावर म्हनली, बने, एवढी वर्सं राहिले अन् आज कळलं, मी हितं नव्हतेच.

मी तिला माझ्याकडंच न्हेनार हाय. दोघींना किती जागा लागती?

तुझी खुशाली कळव. आईवर माया राहू दे.
तुझी आई,
बनाबाई

नाशिक
२० मार्च २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

घराची बातमी वाचून दवाखान्यात सगळ्या नर्सना पेढे वाटले. घरात संडास म्हणजे घरात घाण, असं तूच म्हणायचीस. आता बघते, तीन जिने उतरून कुठे जातेस ती!

मावशीला नेते आहेस ते बरंच. मला चालायला तिनेच शिकवलं, हे मी विसरलेले नाही. पण जरा जपून. संदीप म्हणत होते, की नावावर नसलेलं माणूस ठेवलं तर अशी घरं रद्द करतात. मी तिला इकडे आणलं असतं, पण दोन खोल्या, सासूबाई आजारी, निकिताची परीक्षा. उन्हाळा सरू दे, मग काहीतरी बघू.

गुडघ्यांना तेल लाव. लेकीवर लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी,
यशोधरा

नवी वसाहत, नगर
१४ जुलै २०२५

चि. यशोधरा हिस,
आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र जपून ठेवलंय. उत्तराला उशीर झाला, कारन हितं रुळायलाच वेळ गेला. आपल्या आळीतली मानसं निरनिराळ्या इमारतींत पांगली. पानी कधी वर चढतं, कधी खालूनच आनावं लागतं. रंगूचं मंगल कार्यालयातलं भांड्याचं काम सुटलं. पंगती उठल्यावर भांडी घासायची, तवर हिकडं यायला रिक्षा नसायची. एकदा ती तितंच पायरीवर बसून राहिली, उजाडल्यावर आली. मग मीच म्हनलं, सोड.

तरी आमचं बरं चालल्तं. मागल्या आठवड्यात कुनीतरी कळवलं अन् तपासनीवाले आले. भाईरचं मानूस ठेवलंय, काढा, न्हाईतर घर जाईल म्हनाले. त्यांचं बोलनं मला नीट ऐकू आलं न्हाई. रंगू चुलीपाशी हुती, गॅसच्या, तिचं तोंड बघून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी रेशनला गेले. आले तर ती न्हाई. शेजारच्या मोनिकाला सांगून गेली, की तिसगावला आदिनाथकडं, भाच्याकडं जाते. माझ्यापुरत्या भाकरी करून झाकून ठेवल्या हुत्या.

यशे, तू तिला न्हेशील का? निस्तं इचारते, बोल लावत न्हाई.

माया हाय तशीच ठेव.
तुझी आई,
बनाबाई

नाशिक
२ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र ड्युटीवर वाचलं आणि पुढचं इंजेक्शन दुसरीला द्यायला सांगितलं. त्याच दिवशी संदीपशी बोलले. सासूबाईंनी आधी तोंड फिरवलं, मग म्हणाल्या, गॅलरी बंद करून घ्या, तिथे झोपेल. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येते. तुझ्याकडून तिसगावला जाऊ आणि मावशीला घेऊनच परत फिरेन.

एक ऐक. तोवर घर सोडून कुठे जाऊ नकोस. बंद घर दिसलं तर त्यांना निमित्तच मिळेल. ते घर म्हणजे तुझं म्हातारपण आहे.

रागावली असशील तर भेटल्यावर रागव. प्रेम असू दे.
तुझी,
यशोधरा

तिसगाव
२१ ऑगस्ट २०२५

चि. यशोधरा हिस,
आशीर्वाद व जयभीम.

नगरला येऊ नको, मी तितं न्हाई. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी आदिनाथचा निरोप आल्ता. रंगू ओट्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. पाथर्डीच्या डॉक्टरनं नगरला न्हेऊन ऑपरेशन करा म्हनून सांगितलं. ती म्हनली, आता मला पुन्ना नगरला न्हेऊ नका. आदिनाथ वाईट न्हाई गं. पर नवराबायको दोघं रोज खुरपायला जातात, अन् ही सपरात एकटी पडलेली. तांब्या हाताला लागत नव्हता. तुझं पत्र पिशवीत घालूनच मी आल्ते, ते तिला वाचून दाखवलं. गॅलरीचं ऐकून ती रडली, पर गाडीत बसायची ताकद तिला राहिली न्हाई.

मी तिचं सगळं करते. तिला लाज वाटती, घडीघडी म्हनती, बने, तू तुझ्या घरला जा. मी ऐकूच आलं न्हाई असं करते.

मोनिकानं कळवलंय, की दारावर कागद डकवून गेलेत. घर गेलं तर जाऊ दे, अन् माझ्यावर चिडू नको. एवढी वर्सं भिंतीपलीकडं मानूस हुतं म्हनून मी कामावर जाऊ शकले, तू शिकलीस.

तू तिसगावलाच ये. येताना पाठीच्या जखमंवरचं मलम अन् दोन मऊ जुन्या चादरी आन. तू नर्स हायेस, बघितल्यावर तुला कळंल ती किती दिवसांची हाय. ते मला भाईर बोलवून सांग. तिच्याम्होरं हसत राहा.

वाट बघते.
तुझी आई,
बनाबाई