पुलापलीकडचे कांदे

प्रिय ऑर्विलदादा,

तुझ्या खांद्याला आराम पडो, आणि जमलं तर जिभेलाही. मॅव्हिसवहिनी म्हणाली, ऑपरेशन चांगलं झालं, तू घरीच आहेस आणि पैसे चालू आहेत. (ही पगारी रजा आपल्या ऑरेगन राज्याच्या कायद्याने मिळते. तुझ्या अंगणात मात्र 'आमचा जिल्हा आयडाहो राज्याला जोडा' ही पाटी अजून आहे. एका हाताने ठोकलीस, की वहिनीने धरली?) इकडे सगळं ठीक. म्हणजे कांदा ठीक आहे.

मालकांनी आमची कांदा निवडायची रांग उचलून नदीपलीकडे, आयडाहोच्या शेडमध्ये नेली, हे तुला ठाऊकच आहे. सरकता पट्टा तोच, कांदा तोच, मुकादम क्लेटनही तोच. ऑरेगनात हाच क्लेटन स्वतः ओरडायचा, "बसा गं जरा, नाहीतर मला दंड बसेल." मी समजत होते, माणूस मायाळू आहे. पूल ओलांडला आणि माया अलीकडेच राहिली. पहिल्याच दिवशी नोएमीने (माझ्या शेजारी उभी असते, दोन लेकरांची आई, कामाला लागून वर्षही झालेलं नाही) विचारलं, दहा मिनिटांची सुट्टी कधी? तर म्हणतो, "पाणी आहे, संडास आहे. केंद्र सरकार सांगतं तेवढं सगळं आहे. बसायला द्या असं केंद्र सांगत नाही, आणि आयडाहो केंद्राच्या पुढे जात नाही." एवढा कायदा त्याला पाठ असेल असं मला वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात शेडचा पत्रा असा तापला की कांदे हाताला चटके देत होते. नोएमी म्हणाली, "लुएलाताई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय." मी म्हटलं, "क्लेटनला सांग." तिने सांगितलं. तो म्हणाला, "गार जागा पाहिजे तर ऑरेगनला जा." (तिकडे एवढ्या उष्म्यात ती द्यावीच लागते. आमच्या दारातून ऑरेगन दिसतं.) थोड्या वेळाने ती पट्ट्यावरच आडवी झाली आणि कांद्यांबरोबर पुढे सरकायला लागली. मी पट्टा बंद केला. पट्टा कोणी बंद केला, हे क्लेटनने आधी विचारलं. मग तिच्याकडे पाहिलं.

इस्पितळातून ती परत आली तर तिच्या जागेवर दुसरीच उभी. ऑरेगनची आजारपणाची रजा ऑरेगनातच राहिली, आणि केंद्राची रजा वर्ष भरलेल्यांना. नोएमी भांडली नाही. तिने हातमोजे काढून मला दिले, "तुमचे फाटलेत," म्हणाली आणि गेली.

तू नेहमी म्हणतोस, राज्याने कामाच्या ठिकाणी नाक खुपसू नये. आमच्या शेडमध्ये आता कोणीच खुपसत नाही. येऊन बघ एकदा, उन्हाचा ये.

वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी,
लुएला

ता. क. जिल्हा आयडाहोला जोडायचा तुझा अर्ज सही न करता परत पाठवते आहे. तुझी रजा संपेपर्यंत तरी सरहद्द हलवू नकोस. आयडाहोत असली रजा मिळत नाही.

आणखी एक. तू काम करतोस त्या ऑरेगनच्या शेडमध्ये एक जागा निघते आहे, असं वहिनी म्हणाली. साहेब तुझं ऐकतात. नोएमीनेही तिथे विचारलंय. जागा एकच आहे, दादा. माझं नाव सांग.